पाखाडीच्या वरच्या घरात: नानांची शुश्रूषा आणि ईसीएचएस

दापोली तालुक्यातल्या आमच्या वाडीत घरटी एक तरी फौजी सापडतो. कुणी मराठा लाइट इन्फन्ट्रीतून आलेला, कुणी महार रेजिमेंटमधून, कुणी नेव्हीतून. दापोलीला जुनी माणसं अजून ‘कॅम्प’ म्हणतात, ते उगाच नाही. यातले बरेच जण आता सत्तरी-ऐंशीला टेकलेत. मुलं मुंबईला आणि घरात म्हातारा-म्हातारी दोघंच. यांच्यातलं कुणी अंथरुणाला खिळलं तर घरच्या घरी उपचार कसे मिळवायचे, कोणता कागद कुठे द्यायचा, हे मराठीत एका जागी मला काही मिळालं नाही. माझ्या सासऱ्यांच्या आजारपणात गेल्या सव्वा वर्षात जे जे कळत गेलं ते म्हणून इथे लिहिते आहे.

आम्ही त्यांना नाना म्हणतो. वय ऐंशी पार, मराठा लाइट इन्फन्ट्रीतून हवालदार म्हणून पेन्शनीवर आलेले, १९७१च्या लढाईत पूर्वेकडच्या आघाडीवर होते. नवरा मुंबईला नोकरीला असतो. घरी नाना, सासूबाई आणि मी.

२०२४च्या सप्टेंबरात, अनंत चतुर्दशी होऊन चाकरमानी परत गेले आणि वाडी रिकामी झाली, त्याच आठवड्यात नानांच्या अंगावरून वारं गेलं. सकाळी उठायच्या वेळी उजवा हात-पाय हलेना, तोंड वाकडं, बोलणं कळेना. १०८ला फोन लावला, अ‍ॅम्ब्युलन्स आलीही लवकर, पण ती खाली डांबरी रस्त्यावर. आमचं घर पाखाडीच्या वर. चिऱ्याच्या उंच पायऱ्या, पावसाळ्यात शेवाळ धरलेलं, स्ट्रेचर वळत नाही. वाडीतल्या पोरांनी नानांना प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवलं, सासूबाईंच्या जुन्या लुगड्याने छातीशी आणि मांड्यांशी बांधलं आणि चौघांनी खुर्ची उचलून एकेक पायरी उतरत खाली नेली. कोकणात ज्यांची घरं अशी आहेत त्यांनी हातांची, मजबूत पाठीची एक खुर्ची आणि दोन रुंद पट्टे घरात एका ठरलेल्या जागी ठेवावेत. आमच्याकडे आता ते खुंटीला टांगलेले असतात.

झटका नक्की कधी आला ते माहीत नव्हतं. रात्री झोपले तेव्हा ठीक होते, एवढंच. गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, त्यामुळे डॉक्टरांनी ते दिलं नाही. सीटी स्कॅन झालं, मेंदूत डाव्या बाजूला गुठळी निघाली.

ज्या खासगी हॉस्पिटलात नेलं ते ईसीएचएसच्या, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या, यादीतलं नव्हतं. जवळ तेवढं एकच होतं जिथे स्कॅनची आणि आयसीयूची सोय एकत्र मिळाली असती. अशा वेळी घाबरायचं कारण नाही. यादीबाहेरच्या हॉस्पिटलात तातडीने दाखल केलं तरी भरपाई मागता येते, मात्र ४८ तासांच्या आत योजनेच्या दवाखान्याला, म्हणजे पॉलिक्लिनिकला, कळवावं लागतं. नवरा मुंबईहून निघाला तो गाडीतूनच पॉलिक्लिनिकच्या ओआयसी (प्रमुख अधिकारी) साहेबांशी बोलला आणि लगेच ईमेल टाकला: नानांचं नाव, कार्ड नंबर, हॉस्पिटलचं नाव, कधी दाखल केलं, निदान काय. फोनवर भागवू नका. भरपाईच्या फाइलमध्ये पुढे त्या ईमेलची प्रत लागली.

दुसरी गोष्ट आयसीयूच्या बाहेर बसल्याबसल्याच करून घ्या. डॉक्टरांकडून इमर्जन्सी सर्टिफिकेट लिहून घ्या. रुग्णाला कोणत्या अवस्थेत आणलं, दाखल करणं का गरजेचं होतं, हे त्यात स्पष्ट हवं, खाली सही-शिक्का. डिस्चार्ज झाल्यावर तेच डॉक्टर गाठणं फार कठीण जातं.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला नाना घरी आले. नाकातून नळी, लघवीची पिशवी, उजवी बाजू लुळी. डिस्चार्जच्या कागदावर खाली एका ओळीत लिहिलं होतं की घरी शुश्रूषा करावी आणि फिजिओथेरपी द्यावी. ती एक ओळ वाचून मी जी हादरले ती आयसीयूच्या बाहेर बसूनही हादरले नव्हते. हॉस्पिटलात सगळं कुणीतरी करत होतं. आता ते मी करायचं होतं, आणि मला नळीतून पेज घालणंसुद्धा कुणी नीट शिकवलेलं नव्हतं. नवऱ्याची रजा संपत आली होती. सासूबाई रात्र रात्र नानांच्या पायाशी बसून असत.

ईसीएचएस म्हणजे माजी सैनिकांची अंशदायी आरोग्य योजना. १ एप्रिल २००३ला सुरू झाली, देशभरात चारशेहून जास्त पॉलिक्लिनिक आहेत. निवृत्तीच्या वेळी एकदा वर्गणी भरली, किंवा नानांसारखे जुने पेन्शनर असतील तर नंतर सभासद झालं, की नवरा-बायको दोघांनाही औषधं, तपासण्या आणि यादीतल्या हॉस्पिटलात कॅशलेस उपचार मिळतात. खेड्यातल्या पेन्शनीतल्या माणसाला याचा किती आधार आहे ते मी रोज बघते. नानांच्या रक्तदाबाच्या आणि साखरेच्या गोळ्या वर्षानुवर्षं तिथूनच आल्या. पण सगळी योजना उभी आहे ती रुग्ण पॉलिक्लिनिकपर्यंत येईल या हिशेबावर. आमचं पॉलिक्लिनिक गाडीने जवळपास दोन तासांवर. ज्याला कुशीवर वळवायला दोन माणसं लागतात त्याने तिथवर यायचं कसं?

मी डिस्चार्जचे कागद आणि नानांचं कार्ड घेऊन एकटीच गेले. तिथल्या मेडिकल ऑफिसर बाईंनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं. त्यांनी सांगितलं ते असं. पेशंट अंथरुणावर आहे असं डॉक्टरचं सर्टिफिकेट आणि घरच्या माणसाच्या नावाने अधिकारपत्र दिलं तर औषधं मी नेऊ शकते. नानांचा उजवा हात लुळा, सही होत नव्हती, म्हणून अधिकारपत्रावर डाव्या अंगठ्याचा ठसा घेतला, दोन साक्षीदारांच्या सह्या घेतल्या आणि ठसा का घेतला हे त्याच कागदावर लिहिलं. बँकेतही नंतर असाच कागद कामी आला. अंगठा लावायची वेळ आली म्हणून नानांच्या डोळ्यांत पाणी आलं. सहीचा त्यांना अभिमान होता. पेन्शनच्या पुस्तकावर, ग्रामपंचायतीच्या ठरावावर त्यांची ती वळणदार सही असायची. सासूबाईंनी त्यांचा अंगठा ओल्या फडक्याने पुसला आणि बराच वेळ हातात धरून ठेवला.

औषधांपैकी जी पॉलिक्लिनिकात नसतात त्यांच्यापुढे चिठ्ठीवर ‘एनए’ लिहून देतात. ती ठरवून दिलेल्या केमिस्टकडून येतात, किंवा बाहेरून घेऊन बिल लावता येतं. चिठ्ठीवर ‘एनए’चा शेरा आणि शिक्का आहे ना, हे खिडकी सोडण्याआधी बघा. शेरा नसला तर बिल पास होत नाही, आणि त्या एका शिक्क्यासाठी परत तेवढा प्रवास करावा लागतो. आणखी एक: जाण्याआधी फोन करून औषधांचा साठा आलाय का ते विचारा. फार्मासिस्ट सांगतात.

ऑक्टोबरातच हयातीच्या दाखल्याची वेळ आली. नोव्हेंबर हा नेहमीचा महिना, पण ऐंशी वर्षांवरच्या पेन्शनरांना १ ऑक्टोबरपासून दाखला देता येतो. आता सैन्याची पेन्शन ‘स्पर्श’ या ऑनलाइन यंत्रणेवरून येते, आणि दाखला वेळेत गेला नाही तर पेन्शन थांबते. यासाठी नानांना उचलून कुठेही न्यायची गरज नाही. इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेतर्फे पोस्टमन घरी येऊन डिजिटल दाखला काढून देतो, त्याचे ७० रुपये. आमच्या पोस्टात सांगून ठेवलं, आणि पोस्टमन दादा पाखाडी चढून आले. नानांच्या बोटांचे ठसे मशीनवर उमटेनात. शेतीकाम केलेल्या हातांचं हे असं होतं. मग चेहऱ्यावरून ओळख पटवायचं ठरलं. त्यात डोळ्यांची उघडझाप करावी लागते आणि नानांची एक पापणी नीट मिटत नव्हती. पलंग खिडकीकडे वळवला, पाठीमागे पांढरी चादर धरली, दादांनी ‘नाना, माझ्याकडं बघा, आता डोळे मिटा’ असं परत परत न कंटाळता सांगितलं, आणि अखेर झालं. अर्जात पेन्शन वाटप करणारं कार्यालय (डिसबर्सिंग एजन्सी) निवडताना ‘स्पर्श – पीसीडीए पेन्शन’ हे निवडायचं. जुना पीपीओ (पेन्शन मंजुरीच्या आदेशाचा) नंबर न घालता ‘स्पर्श’चा नवा नंबर घालायचा. दोन्ही नंबर आधीच एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा.

भरपाईची फाइल आम्ही नोव्हेंबरात दिली. मुदत डिस्चार्जपासून ९० दिवसांची. मूळ बिलं, औषधांच्या पावत्या, बिलाचा तपशील, डिस्चार्ज समरी, इमर्जन्सी सर्टिफिकेट, कळवल्याचा ईमेल, कार्डाची प्रत, रद्द केलेला चेक, हे सगळं. मूळ कागद त्यांच्याकडे जातात, म्हणून प्रत्येकाची झेरॉक्स आणि मोबाइलवर फोटो ठेवा. थर्मल कागदावरच्या पावत्यांचे फोटो तर आधी काढा, आमच्या दमट हवेत त्या पंधरा दिवसांत कोऱ्या होतात. हॉस्पिटलचं बिल १,८६,००० रुपये झालं होतं. भरपाई प्रत्यक्ष खर्चाप्रमाणे होत नाही, सीजीएचएस, म्हणजे केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांच्या आरोग्य योजनेच्या, दरांप्रमाणे होते. मधे एकदा एका तपासणीचा अहवाल जोडलेला नाही म्हणून फाइल परत आली. हॉस्पिटलच्या रेकॉर्ड विभागात तासन्‌तास बसून मी तो मिळवला. २०२५च्या जुलैत १,१४,००० रुपये खात्यात आले. मधल्या काळात आम्ही सोसायटीचं कर्ज काढलं होतं. ज्यांच्यावर ही वेळ येईल त्यांनी पैसे आठ-दहा महिन्यांनी येतील, तेही कमी येतील, असंच धरून चालावं.

आता मुख्य, म्हणजे घर.

पलंग, व्हीलचेअर, कमोड खुर्ची हे सगळं विकत घ्यायची गरज नाही. आपल्याकडे तालुक्यातालुक्यात रुग्णसाहित्य देणारी मंडळं आणि ट्रस्ट आहेत. आम्हाला पाठ वर-खाली करता येणारा लोखंडी पलंग ३,००० रुपये अनामत आणि महिना ३०० रुपये भाड्याने मिळाला. तो पाखाडीवरून आणताना खोलून आणला. एअर बेड मात्र नवा घेतला, ५,२०० रुपयांना. एअर बेडमधल्या नळ्या आळीपाळीने फुगतात आणि उतरतात, त्यामुळे एकाच जागी दाब राहत नाही. व्हीलचेअरसाठी पॉलिक्लिनिकमध्ये अर्ज केला. तज्ज्ञ डॉक्टरांची लेखी शिफारस लागते, नुसतं तोंडी सांगून चालत नाही. वयामुळे तज्ज्ञाकडे जायला नानांना वेगळा रेफरल काढावा लागला नाही, हे तिथेच समजलं. ज्यांच्या घरात असं वयस्क कुणी आहे त्यांनी हे आवर्जून विचारून घ्यावं.

घरी येऊन बघणारं माणूस कोण? तर ते मला ईसीएचएसबाहेर सापडलं. आमच्या उपकेंद्राची आशाताई एकदा दारावरून जाताना डोकावली आणि म्हणाली, ‘वहिनी, सिस्टरना सांगितलं नाय का तुम्ही?’ मला वाटत होतं की नाना फौजेच्या योजनेत, म्हणजे गावचं आरोग्य केंद्र त्यांचं नाही. तसं काही नसतं. वृद्धांच्या आरोग्यासाठी २०१०पासून राष्ट्रीय कार्यक्रम आहे आणि अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या माणसांना घरी जाऊन बघणं हा त्याचाच भाग आहे. आशाताईच्या सांगण्यावरून मी प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना साधा अर्ज लिहिला. तेव्हापासून आरोग्यसेविका आणि समुदाय आरोग्य अधिकारी घरी येतात, रक्तदाब-साखर बघतात, लघवीची नळी बदलतात. आधी साधी रबरी नळी होती, ती वरचेवर बदलावी लागायची आणि सारखी तुंबायची. सिस्टरनी सिलिकॉनची आणायला सांगितली. महाग पडते, पण जास्त दिवस टिकते.

डिसेंबरात नानांच्या माकडहाडावर लाल चट्टा दिसला. दोन दिवसांत त्याची कातडी गेली. मला फार वाईट वाटलं, कारण एअर बेड होता, मी कुशी बदलत होते, तरी झालं. सिस्टरनी बघितलं आणि समोर बसून शिकवलं. दर दोन तासांनी कूस बदलायची, रात्रीसुद्धा. कुशीवर पूर्ण नव्वद अंशांत झोपवायचं नाही, पाठीला उशी लावून थोडं तिरकं ठेवायचं. टाचा गादीला टेकू द्यायच्या नाहीत, पोटऱ्यांखाली घडी केलेली चादर ठेवायची. ओढत सरकवायचं नाही, चादरीसकट उचलायचं. लाल झालेल्या जागी तेल लावून चोळायचं नाही, आणि भोक असलेली रबरी रिंग तर मुळीच वापरायची नाही, तिच्या काठाने रक्तपुरवठा उलट कमी होतो. आमच्या घरात तीच रिंग शेजारच्यांनी प्रेमाने आणून दिलेली होती. भिंतीवर एक वेळापत्रक लावलं: ६ डावी, ८ पाठ, १० उजवी. सासूबाईंना वाचता येत नाही, म्हणून बाणांची चित्रं काढली. जखम भरायला जवळजवळ तीन महिने लागले.

नळीतून अन्न देताना पाठ उंच ठेवायची आणि दिल्यावर अर्धा-पाऊण तास तशीच राहू द्यायची, नाहीतर अन्न छातीत जाऊ शकतं. नाचणीची आंबील गाळून, पेज, ताक, डाळीचं पाणी असं आम्ही देत असू. जानेवारीत गिळणं सुधारलं, नळी निघाली. पहिल्यांदा तोंडाने दिली ती कुळथाची पिठी घातलेली मऊ पेज, चमच्याच्या टोकावर, घट्टसर. पातळ पाण्याने ठसका लागतो, घट्ट पदार्थ आधी जातो, हेही सिस्टरचंच.

‘सेहत’ ओपीडीबद्दल पॉलिक्लिनिकातल्या एका रिटायर्ड सुभेदार साहेबांनी सांगितलं. संरक्षण खात्याने २७ मे २०२१ला ही घरबसल्या डॉक्टरांशी व्हिडिओवर बोलायची सेवा सुरू केली, सेवेत असलेल्या आणि निवृत्त सैनिकांसाठी आणि त्यांच्या कुटुंबांसाठी. पैसे लागत नाहीत. मोबाइल नंबर टाकायचा, ओटीपी येतो, कागद जोडायचे, रांगेत नंबर लागतो. आमच्या घरात रेंज फक्त माळ्याच्या खिडकीत येते. नानांना तिथे नेणं शक्य नाही. म्हणून मी आधी जखमेचे, औषधांच्या पानांचे आणि रक्तदाबाच्या वहीचे फोटो काढून जोडायचे आणि मग स्वतः खिडकीत बसून बोलायचे. डॉक्टरांनी एका गोळीचा डोस कमी केला, झोपेचं विचारलं, सासूबाईंच्या गुडघ्यांचंही विचारलं. चिठ्ठी मोबाइलवर येते, डाउनलोड करून छापून ठेवायची. एरवी ज्या शंकेसाठी दोन तासांचा रस्ता धरावा लागला असता ती दहा मिनिटांत सुटली.

फिजिओथेरपी हा मोठा खर्च. दापोलीहून एक तरुण फिजिओथेरपिस्ट येत, एका वेळचे ४०० रुपये, आठवड्यातून तीनदा. घरी घेतलेल्या फिजिओथेरपीची भरपाई मिळावी म्हणून न्यूरॉलॉजिस्टची लेखी शिफारस आणि सह्या घेतलेल्या पावत्या आम्ही दिल्या आहेत. त्याचा निर्णय अजून आलेला नाही. फिजिओथेरपिस्टकडून प्रत्येक दिवसाची तारीख, केलेला व्यायाम आणि सही एका वहीत घेत जा. नंतर मागून मिळत नाही. वाडीतली एक बाई सकाळी मदतीला येते, तिला महिना ९,००० देतो. डायपर, अंडरपॅड, हातमोजे यांचे साडेतीन-चार हजार वेगळे. हे सगळं आमच्याच खिशातून जातं. शंभर टक्के अपंगत्वाची पेन्शन असलेल्या आणि मेडिकल बोर्डाने शिफारस केलेल्या सैनिकांना सतत सोबतीसाठी वेगळा भत्ता असतो. नानांची पेन्शन साधी सेवा पेन्शन, त्यांना तो लागू नाही. तुमच्या घरात कुणाची अपंगत्व पेन्शन असेल तर फौजेतून सुटतानाचं डिस्चार्ज बुक आणि पीपीओ घेऊन जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात अवश्य विचारा. जुने लोक त्याला सोल्जर बोर्ड म्हणतात.

आयुष्मान वय वंदना कार्डाचा कॅम्प गावात झाला. सत्तर वर्षांवरच्या सगळ्यांसाठी २९ ऑक्टोबर २०२४ला ही सोय आली. ईसीएचएसवाल्यांना दोन्हीपैकी एक निवडावं लागतं. आम्ही ईसीएचएसच ठेवलं. आयुष्मानमध्ये दाखल झाल्यावरचे उपचार आहेत, रोजची औषधं नाहीत, आणि घरी झोपलेल्या पेशंटला रोजची औषधं तर लागतातच. कॅम्पमध्ये घाईत अंगठा देऊ नका, घरी विचार करा.

पावसाळ्याचं वेगळं सांगते, कारण हे पुण्या-मुंबईच्या माहितीत मिळत नाही. २०२५च्या जूनमध्ये वारा सुटला की रोज वीज जायची. वीज गेली की एअर बेडचा पंप बंद, आणि हळूहळू नळ्या उतरून माणूस पलंगाच्या पत्र्यावर येतो. आम्ही छोटा इन्व्हर्टर घेतला, फक्त पंप, एक दिवा आणि पंख्यापुरता. इन्व्हर्टर नसेल तर एअर बेडखाली चांगली कापसाची गादी असू द्या. चादरी वाळत नाहीत. ओलसर चादर म्हणजे परत जखम. म्हणून चुलीवरच्या माळ्यावर, जिथे आपण सुकी मासळी आणि बियाणं ठेवतो, तिथे दोरी बांधून चादरी वाळवल्या आणि वापरण्याआधी इस्त्री फिरवली. काखेत, मांड्यांत बुरशी धरते, तिथे पुसून कोरडं करणं पावडरीपेक्षा महत्त्वाचं.

आता नाना आधाराने बसतात, व्हीलचेअरवरून ओटीवर येतात. शब्द अजून अडखळतात.

या सगळ्यात एक गोष्ट माझ्या मनात पक्की झाली. नानांना जे जे मिळालं ते कुठेतरी लिहिलेलं होतंच. ईसीएचएसची औषधं, ‘सेहत’चे डॉक्टर, उपकेंद्राच्या सिस्टर, पोस्टमन, सैनिक कल्याण कार्यालय. पण यातल्या एकालाही दुसऱ्याचा पत्ता नाही. त्यांना जोडायचं काम घरातल्या सुनेने किंवा लेकीने करायचं, तेही पेशंटला दोन तास दुसऱ्यावर सोपवून. ज्या घरात फक्त म्हातारी आहे तिथे हे कोण करणार? नवऱ्याने वाचून सांगितलं की अमेरिकेत निवृत्त सैनिकांच्या खात्याचे डॉक्टर-नर्स घरी जाऊन बघतात, आणि २ जानेवारी २०२५ला सही झालेल्या कायद्याने घरच्या शुश्रूषेवरच्या खर्चाची मर्यादा नर्सिंग होमच्या खर्चाच्या ६५ टक्क्यांवरून १०० टक्क्यांवर नेली. तेवढा पैसा आपल्याकडे नसेल. पण महिन्यातून एकदा पॉलिक्लिनिकचा नर्सिंग असिस्टंट अंथरुणावरच्या पेशंटकडे जाऊ शकेल, एवढी मागणी मला अजिबात जास्तीची वाटत नाही.

आमच्या शेजारचे एक काका फौजेत पाच-सहा वर्षं नोकरी करून पेन्शनीशिवाय आलेले. त्यांना ईसीएचएस नाही. पासष्टीच्या वरच्या, हवालदारापर्यंतच्या, पेन्शन नसलेल्या आणि दुसरं नियमित उत्पन्न नसलेल्या माजी सैनिकांना आणि त्यांच्या विधवांना केंद्रीय सैनिक बोर्डामार्फत दरमहा मदत मिळते. ती १ नोव्हेंबर २०२५पासून ४,०००वरून ८,००० रुपये झाली. अर्ज ऑनलाइन आहे, पण जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून पुढे जातो. मी त्यांचा अर्ज भरून दिला. डिस्चार्ज बुकातलं नाव आणि आधारवरचं नाव जुळत नव्हतं, आडनावाच्या जागी गावाचं नाव होतं. त्याचं प्रतिज्ञापत्र करून घेतलं आहे. ज्यांच्याकडे जुनी डिस्चार्ज बुकं आहेत त्यांनी ही नावं आजच तपासून घ्यावीत.

पॉलिक्लिनिकला मी आणि वाडीतल्या आणखी काही घरांनी मिळून अर्ज दिला आहे. अंथरुणावर असलेल्या सभासदांची यादी करावी, महिन्यातून एकदा तालुक्यात नर्सिंग असिस्टंट पाठवावा, आणि अशा पेशंटची औषधं आरोग्य उपकेंद्रात पोचवावीत, अशा तीन मागण्या. यादीसाठी नाव, कार्ड नंबर, वय, आजार, घरापासून रस्ता किती लांब आणि घरात सोबत कोण, एवढी माहिती आम्ही तक्त्यात भरली. ओआयसी साहेबांनी अर्ज घेतला, पोच दिली आणि रिजनल सेंटरकडे पाठवल्याचं पत्र डिसेंबरात आलं. दुसऱ्या तालुक्यांतल्या माजी सैनिक संघटनांनी आपापल्या पॉलिक्लिनिकला अशीच यादी दिली तर मागणीला वजन येईल. यादीत विधवा भगिनींची नावं विसरू नका, त्या कार्यालयात फारशा येत नाहीत आणि त्यांची नावं हमखास सुटतात.